दिवेलागणीचं विरजण

एर्मेलिंदा दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या हातात तोच कानतुटका निळा कप होता.

"कुमू," ती म्हणाली, "थोडंसं दे ना."

मी बॅगेवर गुडघा रोवून चेन ओढत होते. उजाडता उजाडता माझं विमान होतं. घरभर कपडे पसरले होते आणि त्यातले निम्मे ओले होते, कारण त्या गावात कपडे कधी वाळतच नसत. माझे यजमान जयसिंग, म्हणजे आमचे 'हे', खुर्चीत बसून माझा पासपोर्ट पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. मधल्या वेळात त्यातला फोटो बदलणार असावा असं त्यांना वाटत असावं.

"बाहेर बघ," मी एर्मेलिंदाला म्हणाले.

तिनं मान वळवून बघितलं. समोरच्या खांबावरचा दिवा लागला होता आणि त्याच्याभोवती किडे जमायला लागले होते.

"दिवे लागले," ती म्हणाली. हे वाक्य तिला पाठ होतं.

"लागले ना? मग आता विरजण नाही देता येत. उद्या दिवसा ये."

हे वाक्य मला पाठ होतं. गेलं वर्षभर आम्ही दोघी दारात उभ्या राहून हाच संवाद म्हणत होतो, आणि दर वेळी ती खदखदून हसत आत यायची. त्या संध्याकाळी ती हसली नाही.

"उद्या तू नसशील," ती म्हणाली.

गाव म्हणजे इकिटोस. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, अमेझॉन नदीच्या काठचं. विट्यात आमच्या मामींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पेरू खायचा असतोय गं, त्यात ऱ्हायचं कसं?" चांगलं मोठं शहर, बाजार, चर्च, शाळा, सगळं आहे, पण बाहेरून तिथं जायला रस्ता नाही. चारी बाजूंनी जंगल आणि पाणी. जायचं तर बोटीत झोपाळा टांगून दिवसचे दिवस पडून राहायचं, नाहीतर विमानानं. आणि गंमत बघा, ज्या गावाला रस्ता जात नाही त्या गावात गल्लोगल्ली तीनचाकी रिक्षा! सकाळी डोळा उघडायच्या आधी कानात फटफट सुरू. यांच्या पुण्याच्या कंपनीनं तिथं रिक्षा विकल्या होत्या, आणि त्या दुरुस्त कशा करायच्या हे तिथल्या मेकॅनिकांना शिकवायला यांना पाठवलं होतं. माझी रवानगी यांच्याबरोबर. मी तेव्हा तिशीच्या आतली, आणि विटा-सांगली-पुणे यापलीकडे काही न बघितलेली.

आमचा विटा म्हणजे कोरडा ठाक मुलूख. गच्चीवर सकाळी पापड घातले की दुपारी कडकडीत. आणि इकिटोसमध्ये मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं. काडेपेटी ओढून ओढून हात दुखायचे. यांचे चामड्याचे बूट कपाटात ठेवले तर आठवड्यात त्यांच्यावर हिरवी लव. मी पहिल्या वर्षी हौसेनं मुगाचे सांडगे घातले होते. चार दिवसांनी त्यांना केस आले. हे म्हणाले, "कुमुद, यांना आता शाळेत घालायला हवं." मी ते ताट रागारागानं नदीत ओतलं आणि घरी येऊन रडले. सांडग्यांसाठी नाही. आईच्या गच्चीसाठी.

त्या गावात माझ्या माहेरचं एकच काही तगलं होतं, आणि ते म्हणजे दही.

निघायच्या आधी आईनं धोतराचं जुनं मऊ फडकं दह्यात बुडवलं होतं. ते गच्चीवर सावलीत वाळवलं, कुरकुरीत झालं तशी घडी घातली आणि माझ्या पोलक्यांच्या मध्ये ठेवलं. "तिकडं गेलीस की कोमट दुधात ह्ये सोड," ती म्हणाली. "दही लागंल."

"आणि नाही लागलं तर?"

"लागंल. माझ्या सासूनं तिच्या म्हायेरनं आणलेलं विरजण हाय. कवा मोडलं न्हाई." माझे डोळे भरलेले बघून तिनं पुढे जोडलं, "अगं, दही लागलं की समजायचं, आई बरी हाय."

परदेशी निघताना रडणाऱ्या पोरीला गप्प करायला आया काहीही बोलतात. पण मी ते वाक्य गाठीला बांधून नेलं.

इकिटोसला म्हशीचं दूध कुठलं! डब्यातलं दाट दूध मिळायचं. त्यात पाणी घालून, कोमट करून मी ते फडकं सोडलं आणि दही लागलं. डब्यातल्या त्या परक्या दुधाला आईच्या घरचा वास आला. तेव्हापासून मी ते मोडू दिलं नाही. रोज सकाळी उठले की पहिलं काम हेच, झाकण काढायचं आणि वाडगं हळूच तिरकं करून बघायचं. दही जागचं हललं नाही की आई बरी. मग चहा. हे चेष्टा करायचे, "आज सासूबाईंची तब्येत काय म्हणते? घट्ट की पातळ?" मी उत्तर द्यायची नाही. चेष्टा करावी अशी ती गोष्ट नव्हती. फोन महिन्या-दोन महिन्यांनी व्हायचा. दही रोज लागायचं.

एर्मेलिंदा शेजारच्या फळ्यांच्या घरात राहायची. पन्नाशीची, आडवी, दणकट बाई. पानात बांधलेल्या मसालेभाताचे गोळे करायची आणि बाजारात विकायची. अंधारातच टोपल्या रिक्षात चढवायची आणि परत यायची ती दिवेलागणीला. रविवार नाही, सण नाही. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये 'तुम्ही' हा शब्द उशिरा आला, तोवर मी तिला तू म्हणून बसले होते. तिलाही ते चाललं. एकदा मी तिला वाटीभर दही खाऊ घातलं आणि ती पागलच झाली. भाजलेल्या पिकल्या केळ्याबरोबर चाटूनपुसून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी निळा कप घेऊन हजर. विरजण हवं होतं. तिलाही घरी लावायचं होतं.

आणि आमच्यात दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत.

मीठ देत नाहीत, सुई देत नाहीत आणि विरजण तर नाहीच. घरातलं चांगलं त्याच्याबरोबर निघून जातं म्हणतात. मी लहान असताना आईनं साक्षात सरपंचांच्या बायकोला दारातून परत पाठवलेलं मी बघितलं आहे. एर्मेलिंदाला हे सगळं सांगायला मला माझी अख्खी स्पॅनिश लागली. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे दिवसा चोर नाही, रात्री चोर?" मी म्हटलं, "तू चोर नाहीस गं. रीत आहे." मग मीच पळवाट काढली. द्यायचं नाही, पण खाऊ घालायला कुणाची ना आहे? तेव्हापासून ती रोज संध्याकाळी कप घेऊन यायची, आमचा संवाद व्हायचा, आणि ती माझ्या टेबलाशी बसून दही खायची. मी तिला आईचं ते वाक्यही सांगून टाकलं होतं. त्यानंतर ती दह्याला दही म्हणेनाच. "आज तुझी आई आंबट आहे," म्हणायची. "कुणावर चिडली?"

सकाळी तिच्या बाजारात विरजण नेऊन द्यायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला ते द्यायचंच नव्हतं. एवढं एकच तर होतं माझ्याजवळ.

आणि मग यांच्या वर्कशॉपवर दादाचा फोन आला, मला बोलावून घेतलं. आईला बरं नाही, दवाखान्यातून घरी आणलंय, तू ये. त्या आवाजात काय होतं ते मला कळलं. यांनी तिकिटाची धावपळ केली, आणि मी त्या दिवसांत रोज वाडगं तिरकं करून बघत होते. दही लागत होतं. घट्ट लागत होतं.

"तू गेल्यावर याचं कोण बघणार?" एर्मेलिंदानं कपानंच माझ्या स्वयंपाकघराकडे खूण केली.

"हे बघतील."

"डॉन हायसिंग?" स्पॅनिशमध्ये 'डॉन' म्हणजे आपलं 'राव', आणि ज चा ह होतो, त्यामुळे आमचे हे तिथं सगळ्यांचे डॉन हायसिंग होते. तिनं यांच्याकडे असं बघितलं की यांनी पासपोर्ट मिटून मान खाली घातली. "परवा हा माणूस भात करायला गेला आणि गल्लीत धूर आला. हा मारून टाकेल तिला. दे मला. मी सांभाळते."

"दिवे लागलेत, एर्मेलिंदा."

"एक दिवस लागू देत."

"नाही," मी म्हणाले, आणि माझा आवाज नको तेवढा चढला. "आज तर नाहीच नाही. आज ते घराबाहेर गेलं तर माझी आई—"

आई तिकडे अंथरुणाला खिळलेली, आणि मी इकडे ऐन दिवेलागणीला तिचं विरजण दुसऱ्याच्या कपात घालायचं? मग मी विमानात बसायचं तरी कशाला? मी बॅगेची चेन उगाच पुन्हा पुन्हा ओढत राहिले. एर्मेलिंदानं ते बघितलं. ती पुढे आली नाही, रागावलीही नाही. तिनं कप उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवला आणि म्हणाली, "हा इथं राहू दे." मग ती तिच्या घरी गेली.

थोड्या वेळानं आम्ही विट्याला फोन लावायला निघालो. चौकात फोनचं दुकान होतं, लाकडी खोकी आणि त्यात एकेक फोन. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची पहाट, त्यामुळे फोन नेहमी याच वेळी व्हायचा. नदीवरून चिखलाचा वास येत होता आणि चालता चालता माझा ब्लाऊज पाठीला चिकटला होता. हे म्हणाले, "दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"तेही खरंच," ते म्हणाले आणि गप्प झाले. आमच्या यांचा हा एक गुण मी कधी नाकारला नाही.

फोन दादानं उचलला. "आई जागी हाय," तो म्हणाला. "थांब, कानाला लावतो." मग घरघर, पितळी भांड्याचा आवाज, कोंबडा. तो आमच्या घरामागचा कोंबडा.

"कुमे?"

"आई. मी उद्या सकाळी निघतेय. येतेच आहे मी."

"ये. सावकाश ये. पळू नगंस." आवाज बारीक झाला होता, पण हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. "दही लागतंय न्हवं तुझं?"

"लागतंय. आज तर एकदम घट्ट."

"मग मी बरी हाय."

मी रडत होते आणि ते तिला कळू नये म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणून मी म्हणाले, "अगं, इथली शेजारीण विरजण मागायला आलीय. आत्ताच. मी नाही म्हटलं तिला."

"का गं?"

"का म्हणजे? दिवे लागल्यावर आली ती."

"दिवसा यायला काय हुतंय तिला?"

"बाजार असतो तिचा. अंधारात जाते, अंधारात येते."

पलीकडे कोंबडा पुन्हा आरवला. मग ती म्हणाली, "मग त्या बाईनं दही लावायचं कवा?"

"आई, तूच सरपंचांच्या बायकोला—"

"ती येगळी. तिच्या दारात चार म्हशी. आन् दिवं कुठं लागल्यात? हितं तांबडं फुटलंय. मला खिडकीतनं दिसतंय की. तुझी वैनी शालन सडा टाकतीया."

"तिथं गं. इथं संध्याकाळ आहे."

"विरजण कुणाचं?"

"तुझं."

"मग सूर्य माझा बघायचा का तुझा? आं?" बोलून तिला दम लागला. मागून दादा म्हणाला, आई, बास आता. तिनं त्याला गप्प केलं असावं. "जा, दिऊन टाक. चमच्यानं दिऊ नगंस, मान्सं हसत्याल. कप भरून दे."

"आणि तुला काही झालं तर?"

"मला काय हुतंय? दही दिल्यानं आई सरती व्हय?" मग एकदम हळू, "ठिव आता. शालन च्या आणतीया."

ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. चहा आला म्हणून तिनं फोन ठेवला.

घरी येताना मी जवळजवळ पळत होते. हे मागून म्हणत होते, अगं हळू, वाटेवरच्या फळ्या निसरड्या आहेत. मी उंबऱ्यातला निळा कप उचलला, धुतला आणि वाडग्यातलं दही त्यात काठोकाठ भरलं. तळाला यांच्यापुरतं ठेवलं. मग शेजारच्या दारात गेले. एर्मेलिंदा दुसऱ्या दिवसासाठी पानं पुसत बसली होती. तिनं आधी कपाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि मग खांबावरच्या दिव्याकडे बोट केलं.

"माझ्या आईकडे उजाडलंय," मी म्हणाले.

तिनं हात झग्याला पुसले, दोन्ही हातांनी कप घेतला आणि त्यावर बशी झाकली. मग म्हणाली, "दूध किती गरम?" मी तिचं बोट धरून तिच्याच पातेल्यात बुडवलं. चटका बसला नाही पाहिजे, गारही लागलं नाही पाहिजे. तिला एका झटक्यात कळलं. यांना मात्र मला घरी येऊन पुन्हा पुन्हा शिकवावं लागलं. "कोमट म्हणजे नक्की किती कोमट?" हे विचारत होते. इंजिनियर माणूस, त्यांना आकडा हवा होता.

मी लिमाच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते तेव्हा विट्यात आई गेली. दादानं मला नंतर सांगितलं. संध्याकाळी शालनवहिनीनं देवापाशी दिवा लावला, वळून बघितलं, तर आई गेलेली. दिवेलागणीला.

मी पोचेपर्यंत कुणी थांबणं शक्य नव्हतं. उन्हाळ्याचे दिवस. मी अंगणात उतरले तेव्हा भिंतीला टेकून माणसं बसली होती आणि आईची खाट उभी करून ठेवली होती. बायकांनी मला धरलं. मी त्यांच्यातून सुटून सरळ स्वयंपाकघरात गेले. दह्याचं मडकं नेहमीच्या फळीवर नव्हतं. ते मोरीत पालथं घातलेलं होतं.

"वहिनी, दही?"

"वतलं की ताई," शालनवहिनी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "समदंच वतलं. दूध, दही, भरल्यालं पानी. रीत न्हाई व्हय?"

रीत होतीच. मयत झालं की घरातलं शिजलेलं, दूधदुभतं, पाणी ठेवत नाहीत. मला माहीत नव्हतं थोडंच! मी पालथ्या मडक्याशेजारी मोरीत बसले आणि तिथं मला रडू फुटलं. आजीच्या माहेराहून आलेलं, कधी न मोडलेलं. मला एकदम आठवलं, माझ्याकडे आहे. यांच्याकडे आहे. मी उठून फोनकडे धावले आणि यांच्या वर्कशॉपचा नंबर लावला. लोकांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

"अहो, दही लावलंत का?"

पलीकडे आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "कुमुद, दादांचा फोन आला ना, तेव्हा मला काही सुचेना. मी इथं एकटा. काय करतात, काय पाळतात, मला काय ठाऊक? एवढंच आठवलं की घरातलं सगळं ओतून टाकतात. म्हणून मी ओतलं. दूध, दही, प्यायचं पाणीसुद्धा. म्हटलं, आईंचं एवढं तरी नीट करावं."

या माणसानं जन्मात एक रीत पाळली नव्हती. लग्नातसुद्धा सप्तपदीच्या मध्येच फोटोग्राफरशी बोलत होते. आणि आयुष्यात पहिल्यांदा एक पाळली, ती ही. मी रिसीव्हर धरून रडताना हसले, आणि मग नुसतीच रडले. ते पलीकडून म्हणत राहिले, "चुकलं का? चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हणाले. "बरोबर केलंत."

पण रात्री अंथरुणावर पडलं की मनात एकच यायचं. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन भांडी पालथी झाली होती, आणि कप मी माझ्या हातानं भरून दिला होता. खरंच गेलं का त्या विरजणाबरोबर घरातलं चांगलं? आई म्हणाली होती, दही दिल्यानं आई सरती व्हय? सरली की. कितीतरी दिवस मला आईचा रागच येत होता.

दिवसकार्य उरकून मी परत निघायच्या बेतात होते, तेवढ्यात कंपनीनं यांनाच पुण्याला बोलावून घेतलं. मी तिथं पुन्हा गेलेच नाही. भांडीकुंडी वाटून, घर सोडून हे एकटे आले. पुण्याच्या घरात बॅग उघडली तेव्हा वरच एक प्लास्टिकची पिशवी होती, गाठी मारून मारून बांधलेली.

"एर्मेलिंदानं दिलंय," हे म्हणाले. "तुझ्या हातातच द्यायचं म्हणाली."

आत तिचा भरतकामाचा रुमाल होता, कधीमधी चर्चला जाताना डोक्यावर घ्यायची तो. घट्ट चिकटलेली घडी. मी ती सोडवली तर आतून हिरवीगार बुरशी, आणि वास असा की हे उठून खिडकीपाशी गेले. फडकं कसं आलं होतं ते मी तिला कधीतरी सांगितलं होतं. तिनं तेच केलं होतं. तिचा सगळ्यात चांगला रुमाल दह्यात बुडवून वाळत घातला होता. पण त्या गावात काही वाळतं का?

"म्हणजे तिच्याकडे लागतंय दही?"

"रोज लावते," हे म्हणाले. "आईंचं तिला सांगितलं त्या दिवशी तिनं मेणबत्ती लावली आणि मग दूध तापवायला घेतलं. मी म्हटलं, आमच्यात आज ओतून टाकतात. तर माझ्यावर खेकसली. आणि हा रुमाल आणून दिला ना, तो भर दुपारी. मी म्हटलं, आज बाजार? तर म्हणाली, आज बंद. कुमू दिवे लागल्यावर देत नाही, मग मी कशी देऊ?"

जिनं कधी रविवार पाळला नाही, सण पाळला नाही, तिनं माझ्यासाठी एक दिवस चूल बंद ठेवली होती. दिवसाउजेडी द्यायचं म्हणून. मी तो बुरशी आलेला रुमाल मांडीवर घेऊन बसले. धुवावासा वाटेना.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. मी पुण्यात दही लावते, कुणाच्या कुणाच्या विरजणाचं. चांगलं लागतं. पण सकाळी वाडगं तिरकं करून बघायची सवय मी सोडून दिली. इकिटोसमध्ये होते तेव्हा मला विट्यासाठी रडू यायचं. आता विट्याला जाते, दादाकडे चार दिवस राहते, तिथं पिशवीतलं दही येतं, आणि माझं मन त्या ओल्या, बुरसटल्या, रस्ता नसलेल्या गावाकडे ओढ घेतं. असं काही होईल असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

गेल्या वर्षी एर्मेलिंदाच्या नातीनं, मिलाग्रोसनं, यांचा नंबर कुठून तरी शोधून काढला. तेव्हापासून अधूनमधून मोबाइलवर व्हिडिओ कॉल येतो. तिकडे दिवेलागण, इकडे पहाट. एर्मेलिंदा आता पार वाळली आहे, त्या गावात तेवढी ती एकच वाळली. तिला कानानं कमी ऐकू येतं, मला स्पॅनिश कमी येते, त्यामुळे आम्ही फार बोलत नाही. नात मोबाइल धरते आणि ती आतून वाडगं घेऊन येते. बशी बाजूला करते. मग दोन्ही हातांनी वाडगं हळूच तिरकं करते आणि आम्ही तिघी बघतो. दही जागचं हलत नाही.

"बघ," ती म्हणते, "तुझी आई बरी आहे."

मी मान हलवते. पडद्यावर बोट ठेवते. तो गार लागतो.

"कधी येतेस?" ती विचारते. मग मागच्या खांबावरच्या दिव्याकडे बघते आणि खदखदून हसते. "ये. पण दिवसा ये हं."

मी म्हणते, येते. माझ्या खिडकीत तेव्हा नुकतंच उजाडत असतं.